टँकर देणारे, नळ आणणारे

विहार तलावाचं पाणी मुंबईला मिळू लागलं १८६० साली. गोरेगाव स्टेशनाच्या पूर्वेला आरे कॉलनी ओलांडली की पलीकडे हा तलाव. त्यातलं पाणी दक्षिणेला गेलं, बेटावरच्या शहरात. पुढे तानसा आलं, वैतरणा आलं. त्यांच्या मोठमोठ्या जलवाहिन्याही उपनगरांच्या अंगणातून शहराकडे गेल्या. तलावाच्या शेजारी राहणारं गोरेगाव मात्र कितीतरी दशकं विहिरींवर आणि हंड्यांवर जगलं. फेब्रुवारी १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगाव ग्रामपंचायतीचं गाव न राहता शहराचा भाग झालं. चाळी वाढल्या, कारखाने वाढले, माणसं वाढली. नळाची धार मात्र वाढली नाही.

१९६१ साली या भागातून एक बाई महापालिकेवर निवडून गेल्या. मृणाल गोरे. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलात आणि समाजवादी चळवळीत आलेल्या. गोरेगावच्या ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून आधीच काम केलेल्या. पती केशव गोरे १९५८ साली गेले तेव्हा मृणालताई तिशीच्या होत्या, पदरात लहान मुलगी होती. त्यांनी काम थांबवलं नाही. महापालिकेत गेल्यावर त्यांनी जो प्रश्न हातात घेतला, त्याने त्यांना आयुष्यभराचं नाव दिलं: पाणीवाली बाई. हे नाव कुठल्या प्रचार समितीने दिलेलं नव्हतं. नळापाशी उभ्या राहणाऱ्या बायकांनी ते दिलं.

निवडणुका आल्या की पक्षांच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: सामान्य माणसाच्या रोजच्या प्रश्नांवर बोला. सल्ला बरोबर आहे. पण प्रश्नावर बोलणं, प्रश्नापुरती मदत करणं आणि प्रश्न हातात घेणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मतदाराला त्यांतला फरक कळतो. महाराष्ट्राच्या राजकारणात या तिन्ही तऱ्हांची माणसं झाली. लोकांनी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घरातलं मानलं ती तिसऱ्या तऱ्हेची होती, आणि त्यांचं राजकारण कसं चालत होतं हे आज नीट आठवायला हवं.

पाण्याचाच विचार करू. मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही. शहराचे लहान लहान विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागाला ठरल्या वेळी, ठरावीक तास पाणी सोडलं जातं. हे सोडण्या-बंद करण्याचं काम महापालिकेचे कर्मचारी करतात. लोक त्यांना चावीवाला म्हणतात. रस्त्यातलं झाकण उघडायचं, उंचीला माणसाएवढी लोखंडी चावी आत घालायची, ती फिरवायची, झाकण लावायचं, गाडीत बसून पुढच्या चौकात जायचं. किती फेरे फिरवले यावर वस्तीच्या शेवटच्या टोकाला धार येते की नुसती फुसफुस, हे ठरतं. वाहिनीच्या तोंडाशी असलेल्या इमारतीला पाणी भरपूर. चढावरच्या किंवा शेवटच्या वस्तीला ते पोचेपर्यंत वेळ संपलेली. कागदावर दोन्हीकडे ‘पाणीपुरवठा सुरळीत’.

आता ही वेळ पहाटे तीनची असेल तर घरातल्या बाईचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. दुपारी दोनची असेल तर तिला नोकरी करता येत नाही, किंवा शाळेतून मुलीला लवकर घरी बोलवावं लागतं. ज्या घरात नळ आहे आणि ज्या घरात हंडा आहे, त्या दोन घरांतल्या मुलींच्या अभ्यासाचे तास सारखे नसतात. पाण्याची वेळ म्हणजे घरातल्या बाईच्या आयुष्याचं वेळापत्रक. त्या काळच्या सभागृहात बहुसंख्येने असलेल्या पुरुषांना हे कोणी समजावून सांगितलं असतं तरी कदाचित वरवरच कळलं असतं. मृणालताई त्याच वस्तीत राहत होत्या, त्याच बायकांच्या मंडळात बसत होत्या.

त्यांनी टँकर वाटले नाहीत. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. टँकर आणणं सोपं असतं, उद्याच आणता येतो, लोक लगेच खूश होतात. मृणालताईंनी मागितली ती जलवाहिनी. त्यासाठी बायकांना घेऊन त्या महापालिकेवर गेल्या, अधिकाऱ्यांसमोर बसल्या, सभागृहात उभ्या राहिल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. रिकाम्या हंड्यांचा मोर्चा आज आपल्याला जुनापाना वाटतो, पण घरात झाकून ठेवलेली अडचण भर रस्त्यात आणण्याचं धैर्य त्यात होतं. मोर्चातून परतणाऱ्या बाईला दोन गोष्टी कळलेल्या असायच्या: आपल्याला पाणी कमी येतं यात आपला दोष नाही, आणि ते पुरेसं मागणं ही भीक नाही.

इथे त्यांचं राजकारण मदतीच्या राजकारणाहून वेगळं झालं. मदत करणारा पुढारी लोकांना घरी पाठवतो. काम झालं की तुम्हाला कळवतो म्हणतो. मृणालताईंनी लोकांना सोबत नेलं.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. तेच वर्ष दुष्काळाचं. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या तोंडून अजून मिलो आणि सुकडी हे शब्द निघतात. रेशनवर आलेली ती लाल परदेशी ज्वारी, दुष्काळी कामावर वाटलेली ती सुकडी. शहरात तेल, साखर, रवा, रॉकेल यांच्यासाठी रांगा. दुकानात माल नाही आणि मागच्या गोदामात आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, आणि त्यांच्याबरोबर पक्षाचं नावही न घेणाऱ्या हजारो गृहिणी. एरवी या पक्षांचं एकमेकांशी पटत नसे. डाळीच्या भावावर पटलं.

समितीने हातात घेतलं लाटणं आणि थाळी. लाटणं घेतलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या, साठेबाजांच्या दुकानांवर धडकल्या, मंत्र्यांना घेराव घातले. लाटणे मोर्चा हे नाव वर्तमानपत्रांत आलं आणि मुंबईबाहेरही पसरलं. आजवर कधी घोषणा न दिलेल्या गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय बायका आणि कामगार वस्तीतल्या बायका एकाच रांगेत चालल्या. याचं कारण साधं होतं. महिन्याचा हिशेब दोन्ही घरांत त्याच वहीत लिहिला जात होता आणि दोन्ही वह्यांत तो पंचवीस तारखेच्या आत संपत होता. साखर का महागली याचं भाषण ऐकायला बाई आली नसती. तुझ्या दुकानदाराच्या गोदामात काय आहे ते चल पाहू, असं कोणी म्हटलं तर ती नक्की येणार होती.

त्या मोर्च्यांना काय मिळालं, असा प्रश्न अभ्यासक विचारतात. महागाई थांबली का? नाही थांबली. पण अन्नधान्य पुरवठ्याच्या अधिकाऱ्याला बायकांना उत्तर द्यावं लागलं, रेशन दुकानदाराला पाटीवर भाव आणि साठा लिहावा लागतो हे बायकांना कळलं, आणि स्वयंपाकघर हा राजकारणाचा विषय आहे हे पुरुषांच्या पक्षांना मान्य करावं लागलं. माझ्या मते हे थोडं नव्हे.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत झाल्या, काम करत राहिल्या, पुढे पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत त्या मुंबई उत्तर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. अहिल्या रांगणेकर मुंबई उत्तर मध्यमधून आल्या. मुंबईच्या सहाच्या सहा जागांवर काँग्रेस हरली, आणि तिकडे रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या. त्या वेळची घोषणा अजून मुंबईकरांच्या तोंडी आहे: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.

या घोषणेची मजा सगळे सांगतात, तिच्यामागची सोळा वर्षं कोणी सांगत नाही. लोकशाही, मूलभूत हक्क, वृत्तपत्रस्वातंत्र्य हे १९७७ च्या निवडणुकीचे विषय होते. चाळीतल्या बाईला ते पुस्तकी वाटू शकले असते. ते तसे वाटले नाहीत, कारण सांगणारी बाई तिच्या ओळखीची होती. नळासाठी जी आपल्याबरोबर महापालिकेत बसली, तिला तुरुंगात टाकलं, म्हणजे काहीतरी चुकीचं चाललंय, इतकं तिला पुरलं. रोजच्या प्रश्नांचं राजकारण क्षुद्र आहे, मोठे प्रश्न वेगळे असतात, असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं. मोठ्या प्रश्नावर लोकांनी तुमचं ऐकावं असं वाटत असेल तर छोट्या प्रश्नावर तुम्ही आधी त्यांचं ऐकलेलं असावं लागतं.

पुढे घराचा प्रश्न आला तेव्हाही रीत तीच राहिली. शहरी कमाल जमीनधारणा कायदा १९७६ साली झाला होता. जादा ठरणारी जमीन सरकारने घ्यावी आणि गरजूंच्या घरांना द्यावी असं त्यात म्हटलं होतं. प्रत्यक्षात जमिनी बिल्डरांकडे जात होत्या. मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली, कोर्टात आणि रस्त्यावर झगडून गोरेगावच्या दिंडोशीला जमीन मिळवली आणि तिथे हजारो कुटुंबांची वसाहत झाली. मुंबईत मध्यम आणि कमी पगाराच्या माणसाला मालकीचं घर मिळणं म्हणजे काय, हे मुंबईत भाडं भरलेल्यालाच कळेल. मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. गोरेगावच्या उड्डाणपुलाला आज त्यांचं नाव आहे.

शहर सोडून माणदेशाकडे गेलं की दुसऱ्या स्वभावाचा माणूस भेटतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. भोवताली साखर कारखान्यांचं आणि काँग्रेसचं राज्य. मधे हा पर्जन्यछायेतला कोरडा तालुका आणि त्याचा शेतकरी कामगार पक्षाचा आमदार. १९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले आणि एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा विधानसभेत गेले. दोनदा हरले, १९७२ आणि १९९५ मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी त्यांना परत आणलं. २०१४ ची निवडणूक त्यांची शेवटची. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचं निधन झालं.

गणपतरावांबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाते ती त्यांची एसटी. ते लाल डब्यातून फिरत. एसटीत आमदारांसाठी एक आसन राखीव असतं, खिडकीच्या वर तशी पाटीही असते. त्या आसनावर आमदार बसलेला फार थोड्या प्रवाशांनी पाहिला असेल. सांगोल्याकडच्यांनी पाहिला. त्यांच्या साधेपणाचं कौतुक होतं आणि व्हावंही. पण एसटीचा खरा उपयोग वेगळा होता. एसटीत बसलेल्या आमदारापर्यंत पोचायला मधे कोणी लागत नाही. पी.ए. लागत नाही, तालुकाध्यक्ष लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. शेजारचा शेतकरी डाळिंबावरचा तेल्या, बंद पडलेली पाणीयोजना, बँकेची नोटीस हे सगळं पुढच्या थांब्यापर्यंत सांगून मोकळा होतो. काचा वर केलेल्या गाड्यांच्या ताफ्यातून फिरणाऱ्या नेत्याला तालुक्याची जी बातमी मिळते ती कार्यकर्त्यांनी गाळून दिलेली असते. त्याला वाईट बातमी सर्वांत शेवटी, म्हणजे मतमोजणीच्या दिवशी कळते.

गणपतरावांचा प्रश्नही पाण्याचाच होता. कृष्णेचं पाणी टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांतून दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या, त्या लढ्यात गणपतराव अखेरपर्यंत राहिले. टेंभूचं पाणी यायला दशकं लागली. इतकी वर्षं लोक एका माणसामागे का उभे राहतात? काम झालं म्हणून नव्हे. बराच काळ ते झालेलंच नव्हतं. तो माणूस तोच प्रश्न घेऊन दर वर्षी उभा आहे, कंटाळलेला नाही आणि विकला गेलेला नाही, हे त्यांना दिसत होतं. काम रखडलं हे मतदार समजून घेतो. तुम्हाला त्याचा विसर पडला, हे तो माफ करत नाही.

सांगोल्याच्या पलीकडे सांगली जिल्ह्यात तासगाव तालुका आहे. या एका तालुक्यातून दोन मोठे धडे निघाले. पहिला वि. स. पागे यांचा. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या माणसाने १९६५ च्या सुमारास आपल्या विसापूर गावात एक साधी चौकशी केली: ज्यांना काम हवं आहे पण मिळत नाही अशी माणसं किती, आणि त्यांना काम द्यायला किती पैसे लागतील? त्या चौकशीतून आणि तिथल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना तिने काम दिलं, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा करण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. आजही महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला जे दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात, त्याचं मूळ माळरानावर बांध घालणाऱ्या मजुराच्या रोजीत आहे. २००५ साली देशाने रोजगाराच्या हमीचा कायदा केला तेव्हा समोर महाराष्ट्राचाच अनुभव होता. हे सगळं निघालं गावात बसून विचारलेल्या एका हिशेबी प्रश्नातून.

दुसरा धडा अंजनीच्या आर. आर. पाटलांचा. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गटार, उकिरडा, उघड्यावरची हागणदारी हे विषय तोवर पुढाऱ्याच्या भाषणात येत नसत, अप्रतिष्ठेचे वाटत. आर. आर. आबांनी स्वतः हातात झाडू घेतला आणि गावागावांत चढाओढ लावली. पैसा सरकारचा कमी, श्रम आणि वर्गणी गावाची जास्त. ज्या गावाने दोन गटांच्या भांडणात चावडी बंद ठेवली होती ते गाव बक्षिसासाठी एकत्र आलं, असं अनेक ठिकाणी घडलं. सगळीकडे ते टिकलं नाही हेही खरं. बक्षीस घेऊन पुन्हा जैसे थे झालेली गावंही आहेत. पण गावातल्या बायकांना अंधार पडायची वाट पाहावी लागते ही गोष्ट मंत्र्याने जाहीरपणे बोलावी, याचं मोल त्या बायकांनाच विचारा.

आता आजच्याकडे येऊ.

कोणत्याही शहरात सकाळी एखाद्या लोकप्रतिनिधीच्या जनसंपर्क कार्यालयात जाऊन बसा. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर साहेबांचे वरच्या साहेबांबरोबरचे फोटो, टेबलाशी लेटरहेडचा गठ्ठा घेतलेला एक तरुण. रांगेत हातात पिशवी धरलेली माणसं. कुणाला रहिवासाचा दाखला हवा, कुणाला उत्पन्नाचा, कुणाच्या रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही, कुणाच्या आईला ट्रस्टच्या रुग्णालयात गरिबांसाठीची खाट हवी, कुणाच्या नातवाला शाळेत प्रवेश. तरुण भराभर पत्रं टाइप करतो, शिक्का मारतो, माणूस हात जोडून निघतो. या कार्यालयांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. अडलेल्या माणसाला ते पत्र खरोखर उपयोगी पडतं आणि तिथली मुलं मन लावून राबतात.

पण एक गोष्ट खटकते. त्या रांगेत एकाच चाळीतली सहा माणसं एकाच अडचणीसाठी सहा वेगळी पत्रं घेऊन जातात. ही सहा पत्रं कोणी एकत्र केली आणि संबंधित कचेरीत जाऊन विचारलं की दाखला पंधरा दिवसांत का मिळत नाही, तर उद्याची रांग कमी होईल. ती कमी होऊ नये, अशीच या व्यवस्थेची सोय आहे. माणूस पुन्हा यावा, पुन्हा हात जोडावेत, आणि निवडणुकीत ते ध्यानात ठेवावं. नळापेक्षा टँकर का परवडतो, याचं उत्तर इथे आहे. नळ एकदा आला की तो कोणाचाच राहत नाही. टँकरवर नाव लिहिता येतं.

नाव लिहिण्याची तर आता सवयच झाली आहे. बाकड्यावर नाव, बसथांब्यावर नाव, ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ म्हणून गटाराच्या झाकणाशेजारी फलक. दिवाळीत दारात उटण्याची पुडी येते, तिच्यावर फोटो. कंदील येतो, त्याच्यावर फोटो. हळदीकुंकवाला भांडी, श्रावणात देवदर्शनाच्या बसगाड्या. माणसं पुडी घेतात, कारण सणाच्या दिवशी दारात आलेल्याला नाही म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही. म्हणून ती मत देतातच असं नाही. दोन-तीन पक्षांच्या पुड्या एकाच न्हाणीघरात असतात.

रोजचा प्रश्न पेटला की मत फिरतं, हे कांद्याने अनेकदा दाखवलं आहे. १९९८ साली दिल्लीत कांदा कडाडला आणि तिथलं सरकार गेलं. तिथे खाणारा चिडला होता. २०२४ साली पिकवणारा चिडला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात भाव कोसळले. बंदी उठली मे महिन्यात, मतदान तोंडावर आल्यावर. दिंडोरी मतदारसंघात केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार यांचा पराभव झाला. त्यांना हरवणारे भास्कर भगरे पेशाने शिक्षक. ज्याच्या घराच्या अंगणात कांदा सडतो आहे त्याला राष्ट्रीय यशाची यादी ऐकवून उपयोग नव्हता.

पण सहा महिन्यांत चित्र पालटलं. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत त्याच नाशिक जिल्ह्यातल्या पंधरांपैकी चौदा जागा महायुतीने जिंकल्या. मधल्या काळात ऑगस्टपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले होते. विजयाला कारणं अनेक असतात, पण हे एक मोठं कारण होतं हे बहुतेक पक्ष मान्य करतात. या पैशाला रेवडी म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या नावावर रुपया पाहिला नाही, तिच्यासाठी बँकेतून स्वतः काढलेले दीड हजार म्हणजे गॅसची टाकी, गुडघ्याचं औषध, मुलीचा क्लास. नवऱ्यापुढे हात न पसरता खर्च करता येणं ही लहान गोष्ट नाही. विरोधकांना हे उशिरा कळलं आणि त्यांनीही मग मोठ्या रकमेचं आश्वासन दिलं. म्हणजे तेही तिच्या घरी जाऊन आले नव्हते.

माझी हरकत वेगळी आहे. खात्यात पैसे आले, पण तिचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं? गावात दवाखाना आहे पण डॉक्टर नाही, शाळेची एसटी बंद झाली, हंडा अजून डोक्यावरच आहे. या प्रश्नांना दीड हजार रुपयांत उत्तर नाही, आणि पैसे मिळताहेत तर आता आणखी काय हवं, असं तिला ऐकवलं जाण्याचा धोका मात्र आहे. पात्रतेच्या याद्यांची छाननी सुरू झाली तेव्हा नाव का कापलं हे विचारायला ती कोणाकडे जाणार होती? आपुलकीचं नातं दोन्हीकडून बोलता यावं असं लागतं. बँकेचा संदेश एकाच बाजूने येतो.

आणि बोलायला तरी माणूस हवा ना! मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सगळीकडे प्रशासकच. जिल्हा परिषदांची तीच गत. प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्या म्हणून सांगावं लागलं. या काळात नळाला गढूळ पाणी आलं तर नागरिकाने कोणाचं दार ठोठावायचं? प्रशासक काम करतो, कधी चांगलंही करतो, पण त्याला पाच वर्षांनी तुमच्या दारात यायचं नसतं. राजकीय पक्षांनी यावर फारसा आवाज केला नाही, हे मला सर्वांत जास्त लागलं. रोजच्या प्रश्नांचं राजकारण शिकण्याची पहिली शाळा म्हणजे ग्रामपंचायत आणि महापालिका. मृणालताई तिथेच घडल्या. ती शाळाच बंद ठेवायची आणि नेते लोकांपासून तुटले म्हणून परिसंवाद घ्यायचे, याला अर्थ नाही.

पाण्याची लढाईही संपलेली नाही. मुंबईतल्या अनधिकृत ठरलेल्या वस्त्यांना नळजोडणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं. मतं मागायला प्रत्येक पक्ष या वस्त्यांत जातो. पण पाण्यासाठी न्यायालयात जावं लागलं ते कार्यकर्त्यांच्या एका समितीला. कुठल्याही पक्षाला हे काम आपलं वाटलं असतं तर आज त्या वस्त्यांत त्याचं घर झालं असतं.

राजकारणात येऊ पाहणाऱ्या तरुणांना म्हणून माझं सांगणं आहे: आपल्या प्रभागात पाणी किती वाजता येतं, शेवटच्या टोकाला किती वेळ टिकतं, आणि चावी कोण फिरवतो, एवढं तरी आधी शोधून काढा. रेशन दुकान महिन्यातून किती दिवस उघडं असतं, शाळेच्या वेळेची एसटी कोणती, दाखल्याला किती खेपा पडतात, हे वहीत लिहा. मग लोकांना घेऊन त्या कचेरीत जा. फोटो काढायचा असेल तर काढा, पण पुढच्या महिन्यात परत जा.

आणि वाचकहो, आपणही दारात आलेल्या उमेदवाराला हेच विचारू या. उटण्याची पुडी घ्या हवी तर, पण त्याला आत बोलवा, पाणी द्या आणि विचारा की हे पाणी आमच्याकडे किती वाजता येतं. गावात राहत असाल तर ग्रामसभेला जा. ती वर्षातून निदान चार वेळा घेणं बंधनकारक आहे आणि तिथे प्रश्न विचारायला कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही. शहरात क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण बहुतेक ठिकाणी ती भरवलीच जात नाही. ती कधी घेणार, असं आपल्या वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा आणि पोच घ्या.